हृदयरोहिणीतील धुमसता दाह

मैंदर्गी (ता. अक्कलकोट) येथील एका वाचक भगिनींनी आपल्या वडिलांविषयी तीन प्रश्न विचारले आहेत. वडिलांचे वय ७२. दीड वर्षापूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला, सोलापुरात अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आणि प्रकृती सुधारली. अलीकडच्या तपासणीत कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ आल्यापासून ते म्हणतात, “आता दोषच उरला नाही, तर ती रात्रीची गोळी कशाला?” गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून सूज उतरण्याची गोळी मात्र ते नियमाने आणतात. त्याच अहवालात ‘एचएस-सीआरपी’ या नावापुढे ३.८ हा आकडा असून त्याखाली रेघ मारलेली आहे.

भगिनींचे प्रश्न असे : कोलेस्टेरॉल मर्यादेत आले, तर गोळी थांबवावी का? सीआरपी हे काय प्रकरण आहे? आणि हृदयविकारात रक्तवाहिन्यांना सूज असते असे ऐकले आहे, तर गुडघ्याची सुजेची गोळी हृदयालाही उपयोगी पडत असेल का?

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आरंभीच देऊन टाकतो, कारण त्यात विलंब नको. कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने थांबवू नये. आणि गुडघ्याची गोळी हृदयाचे रक्षण करीत नाही. झटका येऊन गेलेल्या रुग्णाला ती अपायकारक ठरू शकते. असे का, हे समजण्यासाठी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर पाहावे लागेल.

दाह : शरीराचा पहारेकरी

बाभळीचा काटा पायात रुतला की ती जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. ही चार लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन ग्रंथकाराने नोंदवून ठेवली आहेत. वैद्यकात या सर्व प्रक्रियेला दाह किंवा शोथ असे म्हणतात. मैंदर्गीसारख्या सीमेवरच्या गावात अनेक घरांतून कन्नडही बोलली जाते. त्या भाषेतला शब्द फार बोलका आहे : उरियूत. ‘उरी’ म्हणजे जळजळ आणि ‘ऊत’ म्हणजे सूज. घरातील वडीलधाऱ्यांना हा विषय समजावून सांगायचा झाल्यास हा शब्द वापरावा. नुसते ‘जळजळ’ म्हटले, तर ते छातीतल्या आम्लपित्ताचा विचार करतील.

दाह हा मुळात शत्रू नव्हे. जंतू शिरला, पेशी जखमी झाली, की रक्तातल्या श्वेतपेशींना त्या जागी बोलावून आणणारी आणि काम आटोपले की शमणारी ती संरक्षक व्यवस्था आहे. काटा निघाला, जखम भरली, की दाह निवतो. पण काटा आतच राहिला तर? मग तो निवत नाही. मंदपणे, वर्षानुवर्षे चालू राहतो. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांच्या, म्हणजेच धमन्यांच्या, भिंतीत नेमके हेच घडत असते. फरक इतकाच, की तेथे ठणका नसतो, लाली दिसत नाही आणि हात लावून उष्णता जाणवत नाही.

भिंतीच्या आत काय चालते

रोहिणीकाठिण्य म्हणजे घरातल्या नळात गाळ साचावा तशी नळीच्या आत चरबी साचणे, असे चित्र आपल्या मनात असते. ते अपुरे आहे. नळ निर्जीव असतो. रोहिणीची भिंत जिवंत आहे. चरबी तिच्या पोकळीत साचत नाही, ती भिंतीच्या आत शिरते.

रोहिणीच्या आतून एकाच पेशीच्या जाडीचे नाजूक अस्तर असते. उच्च रक्तदाब, तंबाखू, रक्तातली वाढलेली साखर यांनी हे अस्तर दुखावते. रोहिणीला जेथे फाटे फुटतात तेथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता घुटमळतो, आणि तेथेच हा त्रास अधिक होतो. अशा जागी ‘एलडीएल’ या प्रकारच्या कोलेस्टेरॉलचे कण अस्तराखाली झिरपतात, अडकतात आणि तेथे त्यांचे रासायनिक रूप बदलते. शरीराच्या दृष्टीने हा आतच राहिलेला काटा होय. अस्तर धोक्याची खूण वर काढते. रक्तातून वाहणाऱ्या श्वेतपेशी त्या खुणेला चिकटून भिंतीत उतरतात आणि भक्षक पेशी बनून चरबी गिळू लागतात. गिळून गिळून त्या इतक्या फुगतात, की सूक्ष्मदर्शकाखाली फेसाळ दिसतात. अखेरीस त्या तेथेच मरतात आणि त्यांच्या अवशेषांची एक मऊ, स्निग्ध गाठ तयार होते.

शरीर या गाठीवर तंतूंचे कवच चढवते. कवच जाड आणि मजबूत असेपर्यंत माणूस वर्षानुवर्षे बिनघोर राहू शकतो. पण आतला दाह तीव्र असला, तर भक्षक पेशींतून अशी विकरे स्रवतात, की ती या कवचाचे तंतूच विरघळवू लागतात. कवच पातळ होते आणि एखाद्या क्षणी फुटते. आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येताच काही मिनिटांत गुठळी बनते, रोहिणी बंद पडते आणि हृदयाच्या स्नायूचा तेवढा भाग रक्तावाचून तडफडू लागतो. हाच झटका.

पुष्कळ कुटुंबांना पडणारे एक कोडे येथे सुटते : “सहा महिन्यांपूर्वी तर पट्ट्यावर चालवून तपासणी केली होती, सर्व ठीक होते, मग अचानक हे कसे?” फारशी अरुंद न झालेल्या रोहिणीतली लहानशी गाठही फुटू शकते. रोहिणी किती अरुंद झाली यासोबतच भिंतीतला दाह किती जागा आहे, यावर पुढचे भवितव्य ठरते.

निरोप पोहोचविणारी प्रथिने

भिंतीतल्या भक्षक पेशी एकमेकींशी आणि दूरच्या अवयवांशी प्रथिनांच्या द्वारे बोलतात. कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक या पेशींना टोचले, की त्या इंटरल्यूकिन-१ बीटा नावाचे प्रथिन सोडतात. त्याच्या चेतवणीने इंटरल्यूकिन-६ हे दुसरे प्रथिन वाढते आणि रक्तावाटे यकृतापर्यंत जाते. यकृत या निरोपाला उत्तर म्हणून दोन गोष्टी अधिक प्रमाणात बनवू लागते : रक्त गोठण्यास साहाय्य करणारे फायब्रिनोजेन, आणि सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच आपले सीआरपी.

सीआरपीचा शोध १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांनी लावला, तोही हृदयरोगाच्या संदर्भात नव्हे. न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तातले एक द्रव्य न्यूमोकोकस जंतूच्या ‘सी’ नामक घटकाशी संयोग पावते, असे त्यांना आढळले. त्यावरून हे नाव पडले. २०२० आणि २०२१ मधील कोरोनाच्या साथीत सीआरपीचे वाढलेले आकडे घरोघरी चर्चिले गेले, ते याच प्रथिनाचे. तीव्र संसर्गात ते शेकडो पटींनी वाढते. रोहिणीकाठिण्यात मात्र वाढ अगदी अल्प असते आणि ती मोजण्यासाठी अधिक संवेदनशील चाचणी लागते. ‘एचएस’ ही अक्षरे तेवढेच सांगतात.

सीआरपी स्वतः रोहिणीला इजा करते, की ते केवळ साक्षीदार आहे, यावर बराच वाद झाला. जन्मतःच ज्यांच्या शरीरात सीआरपी थोडे अधिक बनते, अशा लोकांत केवळ त्या कारणाने हृदयविकार वाढलेला दिसत नाही, असे जनुकीय अभ्यासांनी दाखविले. इंटरल्यूकिन-६ चा निरोप ज्यांच्यात जन्मतः मंद असतो, त्यांच्यात मात्र हृदयविकार कमी आढळला. म्हणजे आग इंटरल्यूकिनांच्या साखळीत आहे आणि सीआरपी हा तिचा धूर. धूर पाहून आगीचा अंदाज येतो. तो पंख्याने उडवून लावला म्हणून आग विझत नाही.

जुना विचार, नवा पुरावा

रोहिणीकाठिण्यात दाह असतो, हे जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रूडॉल्फ विर्कोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच म्हटले होते. १९१३ साली रशियात निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रोहिण्यांत चरबीचे थर निर्माण करून दाखविले आणि पुढे कोलेस्टेरॉलचा विचार प्रबळ झाला. १९९९ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रसेल रॉस यांनी रोहिणीकाठिण्य हा दाहाचाच रोग आहे, अशी मांडणी केली. त्याच्या दोन वर्षे आधी, १९९७ मध्ये, पॉल रिडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील निरोगी डॉक्टरांचे पूर्वी साठवून ठेवलेले रक्त तपासले होते. ज्यांचे सीआरपी सर्वाधिक होते, त्यांना पुढील काळात हृदयविकाराचा झटका येण्याचा संभव सर्वांत कमी सीआरपी असणाऱ्यांच्या सुमारे तिप्पट निघाला.

२००८ सालच्या ‘ज्युपिटर’ अभ्यासात १७,८०२ लोक सहभागी होते. त्यांचे एलडीएल १३० पेक्षा कमी, म्हणजे वरवर पाहता समाधानकारक होते. सीआरपी मात्र २ किंवा त्याहून अधिक होते. त्यांपैकी निम्म्यांना रोसुव्हास्टॅटिन ही गोळी दिली गेली. झटका, पक्षाघात आणि तत्सम घटनांचे प्रमाण त्यांच्यात ४४ टक्क्यांनी घटले. या गोळीने एलडीएल आणि सीआरपी दोन्ही उतरले, त्यामुळे लाभ कशाचा किती, हे वेगळे काढता आले नाही.

ती शंका २०१७ च्या ‘कँटोस’ अभ्यासाने दूर केली. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी चढे असलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिन्युमॅब या इंजेक्शनचा प्रयोग झाला. हे औषध फक्त इंटरल्यूकिन-१ बीटाला रोखते. कोलेस्टेरॉलला हातही लावत नाही. तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेने झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मिळून १५ टक्क्यांनी कमी झाले. कोलेस्टेरॉल जेथल्या तेथे ठेवून केवळ दाह शमविल्याने हृदय वाचते, याचा हा पहिला थेट पुरावा होता. पहारेकऱ्याला झोपविण्याची किंमतही त्यात दिसली : औषध घेणाऱ्यांत जीवघेणे संसर्ग काहीसे वाढले. म्हणून हे महागडे इंजेक्शन हृदयविकारासाठी व्यवहारात आले नाही.

पुण्यातील अभ्यास आणि आपले पोट

या विषयाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या महाराष्ट्रात आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांच्यासह २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, म्हणजे दोघेही सडपातळ. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस काट्यावर हलका असूनही आतून चरबीदार असू शकतो, हे या एका चित्राने जगाला पटवले.

त्यानंतर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील ग्रामीण, शहरी झोपडवस्तीतील आणि शहरी मध्यमवर्गीय अशा चारशेहून अधिक पुरुषांचे रक्त तपासले. इंटरल्यूकिन-६ आणि सीआरपी यांसारखी दाहाची प्रथिनेही त्यात मोजली होती. ग्रामीण पुरुषांच्या तुलनेत शहरी मध्यमवर्गीयांत चरबी अधिक होती आणि दाहाच्या खुणाही अधिक होत्या. पोटातली चरबी ही निष्क्रिय साठवण नसून इंटरल्यूकिन-६ स्रवणारी जणू एक ग्रंथीच आहे, हे लक्षात घेतले म्हणजे याचा अर्थ लागतो.

यावरून गावात राहणाऱ्याने निर्धास्त व्हावे असे नाही. पूर्वी शेतात राबणारे शरीर उतारवयात ओट्यावर बसून राहते, चालण्याची जागा दुचाकी घेते आणि भाकरीच्या जोडीला फरसाण व गोड चहा येतो, तेव्हा गाव आणि शहर यांतले अंतर रोहिणीच्या लेखी पुसले जाते. वजनकाट्यापेक्षा बेंबीच्या पातळीवर धरलेली शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. भारतीय पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक घेर हा इशारा समजावा.

अहवाल कसा वाचावा

एचएस-सीआरपी लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, १ ते ३ असल्यास मध्यम आणि ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त, अशी ढोबळ विभागणी आहे. आकडा १० च्या वर गेला, तर तो बहुधा रोहिणीविषयी बोलत नसून एखाद्या संसर्गाविषयी किंवा सांध्यांच्या आजाराविषयी बोलत असतो. तेव्हा आधी तो शोधावा.

येथे तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, सर्दी, ताप, दाढदुखी, लघवीचा संसर्ग किंवा सांधे सुजलेले असताना ही चाचणी करू नये. एकदा वाढलेली आली, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी. दुसरी, एकक पाहावे. काही प्रयोगशाळा लिटरमागे, तर काही डेसिलिटरमागे आकडा देतात, डेसिलिटरमागे ०.३ म्हणजे लिटरमागे ३. दोन प्रयोगशाळांचे अहवाल शेजारी ठेवून घाबरणारी किंवा उगीच निर्धास्त होणारी कुटुंबे पुष्कळदा या फरकातच अडखळतात. तिसरी, अहवालावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा निरोगी माणसासाठी असते. झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल ७० च्या खाली, आणि अनेक तज्ज्ञांच्या मते ५५ च्या खाली असावे लागते. तेव्हा ९५ हा आकडा छापील मर्यादेत बसला, तरी मैंदर्गीच्या आजोबांसाठी तो पुरेसा नाही.

त्यांचे सीआरपी ३.८ आहे. गुडघे त्या दिवसांत सुजलेले असतील, तर आकड्याचा काही भाग त्यांचाही असू शकेल. म्हणून चाचणी पुन्हा करून घ्यावी. ती वाढलेलीच राहिली, तर ते घाबरण्याचे कारण नव्हे. उपचार सैल न सोडता अधिक काटेकोर करण्याचे कारण आहे. २०२३ साली स्टॅटिन घेणाऱ्या ३१,२४५ रुग्णांच्या माहितीचे विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात पुढील झटका आणि मृत्यू यांचे भाकीत एलडीएलपेक्षा सीआरपीने अधिक चांगले केले. गोळीने कोलेस्टेरॉल उतरल्यावरही काहींच्या रोहिणीत विस्तव शिल्लक राहतो, असा त्याचा अर्थ.

गोळ्यांविषयी

रात्रीची गोळी म्हणजे ॲटोरव्हास्टॅटिन किंवा रोसुव्हास्टॅटिन. ती दोन कामे करते : काटा, म्हणजे एलडीएल, कमी करते आणि दाहही शमविते. कोलेस्टेरॉल ‘नॉर्मल’ आले, ते गोळी चालू असल्यामुळे. ती बंद केल्यावर काही आठवड्यांतच एलडीएल पूर्वपदावर येते आणि गाठीवरचे कवच पुन्हा झिजू लागते. अंग दुखणे, थकवा यांसारखी तक्रार असेल, तर डॉक्टरांना सांगून मात्रा किंवा औषध बदलता येते. परस्पर बंद करणे हा उपाय नव्हे.

आता गुडघ्याच्या गोळीविषयी. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, इटोरिकॉक्सिब यांसारख्या वेदनाशामक गोळ्या ‘सुजेवरच्या’ म्हणून ओळखल्या जातात. पण त्या इंटरल्यूकिनांच्या साखळीला हात घालत नाहीत; त्यांचा मार्ग वेगळा आहे. त्या रक्तदाब वाढवितात, शरीरात पाणी साठवितात, वृद्धांच्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि झटक्याचा धोका वाढवितात. याच कारणाने रोफेकॉक्सिब हे जगभर विकले जाणारे वेदनाशामक २००४ साली बाजारातून मागे घ्यावे लागले. आयबुप्रोफेन तर ॲस्पिरिनच्या कामातही अडथळा आणते. गुडघ्यांसाठी मांड्यांच्या स्नायूंचे व्यायाम, शेक, काठीचा आधार आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल हा मार्ग अधिक सुरक्षित. नाव-गाव नसलेल्या ‘सांधेदुखीच्या पुड्या’ तर घरातच येऊ देऊ नयेत. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. झटक्यानंतर दिली जाणारी ॲस्पिरिनची ७५ मिलिग्रॅमची लहान गोळी याच कुळातली असली, तरी तिचे काम निराळे. ती रक्तकणिकांना एकमेकींस चिकटू देत नाही. ती डॉक्टरांनी सांगेपर्यंत चालू ठेवावी.

दाह शमविणारे एक जुने औषध मात्र आता हृदयविकारात विचारात घेतले जाते : कोल्चिसिन. गाउट या सांधेरोगावर ते फार पूर्वीपासून दिले जाते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी हे त्याचे एक उगमस्थान. २०१९ आणि २०२० मधील दोन मोठ्या अभ्यासांत रोज ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिनने हृदयविकाराच्या घटना अनुक्रमे २३ आणि ३१ टक्क्यांनी कमी झाल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास या कारणासाठी मान्यताही मिळाली. परंतु २०२४ मध्ये, झटक्यानंतर लगेच ते सुरू करणाऱ्या सुमारे सात हजार रुग्णांच्या अभ्यासात लाभ दिसला नाही. त्याआधी मेथोट्रेक्सेट हे संधिवातातले औषधही या कामी निष्फळ ठरले होते. तेव्हा कोल्चिसिन कोणाला द्यावे, हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञांचा. मूत्रपिंड किंवा यकृत दुबळे असल्यास, अथवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक चालू असल्यास ते घातक ठरू शकते. कळलावीचा कंद तर जहाल विष आहे. औषध म्हणून तो उगाळून घेण्याचा विचारही मनात आणू नये. हळदीविषयीही अनेक जण विचारतात. भाजी-आमटीतली हळद अवश्य खावी. पण तिच्या सेवनाने झटके टळतात असे सिद्ध झालेले नाही, म्हणून ती गोळीची जागा घेऊ शकत नाही.

घरातील विस्तव कोठे कोठे आहे

औषधाव्यतिरिक्त दाहाला खतपाणी घालणाऱ्या काही गोष्टी घरातच असतात. काळजी घेणाऱ्यांनी त्या शांतपणे शोधाव्यात.

तंबाखू हे पहिले नाव. विडी-सिगारेट तर आहेच. पण चुना लावून दाढेत ठेवलेली चिमूट आणि दात घासण्याच्या निमित्ताने आजींनी वर्षानुवर्षे लावलेली मिश्री, हीसुद्धा तंबाखूच आहे. “आई काही ओढत नाहीत” असे सून डॉक्टरांना सांगते, तेव्हा मिश्रीचा डबा मोजलाच जात नाही.

दुसरे, दात व हिरड्या. घासताना रक्त येणे, दात हलणे ही हिरड्यांतल्या दीर्घकालीन दाहाची लक्षणे असून अशा रुग्णांत सीआरपी वाढलेले आढळते. कवळी असली तरी वर्षातून एकदा तोंड तपासून घ्यावे.

तिसरे, चुलीचा आणि केरकचरा जाळण्याचा धूर. त्यातले सूक्ष्म कण फुप्फुसांत दाह उत्पन्न करतात आणि त्याची झळ रोहिण्यांना लागते.

चौथे, फ्ल्यू. कॅनडातील २०१८ च्या अभ्यासात फ्ल्यूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याचे प्रमाण सुमारे सहा पट आढळले. तीव्र संसर्गाने उसळलेला दाह गाठीचे कवच फोडण्यास पुरेसा ठरतो. म्हणून हृदयरुग्णाने दरवर्षी फ्ल्यूची लस घ्यावी की कसे, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे. झटका येऊन गेलेल्यांना ती बहुधा सुचविलीच जाते.

पाचवे, संधिवात (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), सोरायसिस यांसारखे दीर्घ दाहाचे रोग. अशा रुग्णांत हृदयविकाराचा धोका अधिक असतो. त्यांच्या सांध्यांवर वा त्वचेवर उपचार करताना रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांकडेही तितकेच लक्ष हवे.

आहाराविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, कारण सोलापूरकडचे जुने ताट मुळात चांगले आहे. ज्वारीची भाकरी, डाळी, पालेभाजी, ताक यांत दोष काढण्याजोगे काही नाही. कडक भाकरीसोबतची शेंगाचटणीही वर्ज्य नाही. शेंगदाण्यातली चरबी हृदयास अनुकूल आहे. तेवढे तिच्यातले मीठ जपावे आणि चमच्याचा वाटीएवढा विस्तार होऊ देऊ नये. वारंवार तापविलेल्या तेलातली भजी, बेकरीचे पदार्थ आणि दिवसातून पाच वेळा साखरेचा चहा हे मात्र कमी व्हावेत. जेवणानंतर थोडा वेळ थांबून सकाळ-संध्याकाळ मिळून अर्धा तास चालणे, जमेल त्या गतीने, पुरेसे आहे. उन्हाळ्यात सोलापूरच्या बाजूला ते सूर्योदयाच्या वेळी किंवा दिवे लागल्यावरच करावे.

वेळ आलीच तर

छातीत दाब, आवळल्यासारखे वाटणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दरदरून घाम, अशी लक्षणे दिसली तर घड्याळाकडे पाहावे. वृद्ध, मधुमेही आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखेलच असे नाही. नुसता दम लागणे, अकारण घाम, मळमळ किंवा ‘गॅस झाला आहे’ अशी भावना एवढेच लक्षण असू शकते. ओवा, सोडा यांत वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि जेथे ईसीजी निघेल अशा जवळच्या दवाखान्यात न्यावे. सोलापूरला जायचे आहे म्हणून सकाळची वाट पाहू नये. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन पहिल्या काही तासांतच सर्वाधिक उपयोगी पडते. रुग्णाला चालवू नये, जिना चढवू नये. ॲस्पिरिन चघळण्यास द्यावी की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवावे; त्या घालमेलीत असा प्रश्न सुचत नाही.

भगिनींना शेवटी एवढेच सुचवितो. वडिलांच्या सर्व गोळ्या, दुकानातून आणलेल्यांसह, एका पिशवीत घालून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा. दोन्ही अहवाल सोबत न्या. आणि वडिलांना सांगा, की कोलेस्टेरॉलचा आकडा उतरला हे त्या रात्रीच्या गोळीचेच यश आहे. विहिरीचे पाणी शेताला पोहोचते म्हणून कोणी मोट सोडून देत नाही.